ॲनिमेशनपटासाठी उंदीर नायक कसा घडवावा

ॲनिमेशनच्या साहसपटासाठी उंदराला नायक करायचे ठरले, की नवखा चित्रकार बहुधा सर्वांत आधी त्याच्या हाती तलवार देतो. ती टाचणीची असते एवढेच. त्यापाठोपाठ खांद्यावर झगा येतो, छाती पुढे येते, आवाजाला धार चढते आणि पाहता पाहता उंदराचा लहान मापाचा शिलेदार होतो. असा शिलेदार पडद्यावर मांजराला लोळवू लागला की प्रेक्षक हसतो, टाळ्याही वाजवतो, परंतु त्याच्यासाठी जीव मुठीत धरून बसत नाही. ज्याला काही होणारच नाही, त्याची काळजी कोण करणार? उंदीर नायक म्हणून उभा राहतो तो त्याच्या लहान चणीवर. आणि पटकथेपासून ध्वनिमुद्रणापर्यंत जो निर्णय ती चण झाकून टाकतो, तो चित्रपटाला महागात पडतो. पुढचे सर्व मार्गदर्शन हे एक सूत्र धरून केले आहे. हाताने रेखाटणारे आणि संगणकावर त्रिमितीत काम करणारे अशा दोघांनाही ते उपयोगी पडावे.

उंदरावाचून अडेल असे काम

पात्राचे एकही रेखाटन करण्यापूर्वी कथेत असे एक काम शोधावे, जे उंदराखेरीज दुसऱ्या कोणालाही जमणार नाही. याचा उत्तम नमुना १९८२ साली आलेल्या ‘द सीक्रेट ऑफ निम्ह’ या अमेरिकी चित्रपटात पाहायला मिळतो. त्याची नायिका मिसेस ब्रिस्बी ही शेतात राहणारी विधवा उंदरीण आहे. तिचा मुलगा न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेला आहे, त्याला थंडीत बाहेर काढता येत नाही, आणि शेतकऱ्याचा नांगर तर त्यांच्या घरावरून फिरायच्या बेतात आहे. तिला मदत करू शकतील असे मोठे, बुद्धिमान उंदीर जवळच राहतात. ते ताकदीने आणि अकलेने तिच्यापेक्षा सरस आहेत. परंतु घर हलवायचे तर आधी शेतकऱ्याच्या मांजराच्या खाण्यात गुंगीचे औषध मिसळले पाहिजे, आणि त्यासाठी स्वयंपाकघरात शिरायचे भोक इतके लहान आहे, की त्या मोठ्यांना त्यातून जाता येत नाही. जाऊ शकते ती फक्त हीच. तिचा नवरा नेमक्या याच कामात मारला गेला, हे कळल्यावरही ती पुढे होते. येथे तिच्याकडे शस्त्र नाही, विद्या नाही, अनुभवही नाही. तिची लहान चण हीच तिची पात्रता आहे, आणि तोच तिला असलेला धोकाही आहे. एका प्रसंगात या दोन्ही गोष्टी बसवता आल्या की पटकथेचा पाया भरला असे समजावे.

१९७७ च्या ‘द रेस्क्यूअर्स’मध्ये हीच युक्ती वेगळ्या तऱ्हेने वापरली आहे. तिथे पेनी नावाच्या अनाथ मुलीला पळवून नेले जाते, कारण हिरा ज्या गुहेत दडलेला आहे तिच्या तोंडातून मोठे माणूस उतरू शकत नाही, लहान मूल उतरू शकते. तिच्या सुटकेसाठी बर्नार्ड आणि मिस बियांका हे दोन उंदीर निघतात. लहान म्हणून जिला वापरून घेतले जात आहे, तिला सोडवायला तिच्याहूनही लहान जीव येतात. बालप्रेक्षक उंदराशी चटकन एकरूप होतो तो यामुळे: टेबलाखालून दिसणारे जग, आपल्याला न विचारता घेतलेले मोठ्यांचे निर्णय आणि कोणाच्या लक्षात न येण्याची सोय हे सर्व त्याच्या रोजच्या ओळखीचे असते.

आपल्या कथेतले काम खरोखर उंदराचेच आहे का, हे तपासण्याचा एक सोपा उपाय आहे. कथेचा सारांश दहा ओळींत लिहावा आणि ‘उंदीर’ या शब्दाच्या जागी ‘शूर कुत्रा’ असे घालून पुन्हा वाचावा. कथा जशीच्या तशी चालली, तर उंदीर केवळ शोभेसाठी घेतला आहे असे समजून काम बदलावे. मराठी वाचकांनी या संदर्भात टोपीवाल्या उंदराची लोककथा आठवून पाहावी. सापडलेल्या चिंधीची गोंड्याची टोपी शिवून घेणारा तो उंदीर राजाशी लढत नाही. राजाने टोपी घेतली की ‘राजा भिकारी’ म्हणून ओरडत सुटतो, आणि टोपी परत मिळाली की ‘राजा मला भ्याला’ म्हणून ढोल पिटतो. ज्याला चिरडणे राजाला शोभत नाही, अशा क्षुद्र जिवाचीच ही बंडखोरी असू शकते. कुत्र्याला ती टोपी घालून पाहा, गोष्ट तत्क्षणी कोसळते.

कथेच्या शेवटाबाबत मात्र विशेष जपावे लागते, कारण मोह तिथेच होतो. वर उल्लेखिलेल्या १९८२ च्या चित्रपटात चिखलात रुतणारे घर अखेरीस एका जादूच्या रत्नाच्या प्रभावाने वर उचलले जाते. ज्या कादंबरीवर तो आधारलेला आहे तिच्यात असे रत्न नाही. दृश्य म्हणून तो प्रसंग देखणा आहे, हे मान्य. पण माझ्या मते तासाभराच्या मेहनतीने लहान ठेवलेली नायिका तिथे एकाएकी मोठी होते आणि भोकातून आत शिरण्याच्या धाडसाची किंमत मागाहून कमी होते. शेवटचा प्रश्न उंदराने आधी दाखवलेल्या गुणानेच सुटला पाहिजे, किंवा पुष्कळ उंदरांनी मिळून सोडवला पाहिजे. १९८६ च्या ‘ॲन अमेरिकन टेल’मध्ये न्यूयॉर्कचे उंदीर मांजरांना पळवण्यासाठी एक अवाढव्य यांत्रिक उंदीर बांधतात. तिथेही मोठेपणा येतो, परंतु तो लाकूड-लोखंडाचा असतो. आत उंदीर लहानच राहतात.

माणसांना उंदराचे बोलणे कळते की नाही, हेही याच टप्प्यावर ठरवून टाकावे. काही चित्रपटांत ते लहान मुलांना कळते, काहींत कोणालाच कळत नाही. दोन्ही चालते, मध्येच नियम बदललेला चालत नाही.

मापाचा तक्ता

घरात आढळणाऱ्या उंदराचे धड साधारण ७ ते १० सेंटिमीटर लांब असते, शेपटी जवळजवळ तेवढीच, आणि वजन वीस ग्रॅमच्या आसपास. आपला नायक दोन पायांवर उभा राहिला की किती उंच भरेल, हे एका आकड्यात ठरवावे. ८ सेंटिमीटर हा सोयीचा आकडा आहे. त्यानंतर एका मोठ्या कागदावर खऱ्या मापाने उंदीर काढून त्याच्या शेजारी कथेत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढावी: काडेपेटी, दोऱ्याचे रीळ, कपबशी, वाटी, दाराखालची फट, जिन्याची पायरी, मांजराचा पंजा, माणसाची चप्पल. वस्तू आठवणीने काढू नयेत, पट्टी घेऊन मोजाव्यात. स्वयंपाकघरातला ओटा सुमारे ८० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे आपल्या नायकाच्या दहापट. माणसाच्या मापात हे पाच मजली इमारतीच्या गच्चीइतके झाले. हे एकदा कळले, की ‘उंदीर ओट्यावर चढतो’ हे पटकथेतले तीन शब्द एक स्वतंत्र प्रसंग होऊन बसतात, आणि साहसपटाला लागणारे निम्मे साहस असे मोजपट्टीतूनच सापडते.

हा तक्ता प्रत्येक रेखाटकाच्या टेबलासमोर लावलेला असावा. अनेक हातांनी काम होत असताना नायक नकळत वाढत जातो. पहिल्या दृश्यात काडेपेटीहून थोडा उंच असलेला उंदीर दहाव्या दृश्यात चहाच्या किटलीला खांदा लावून उभा दिसतो. त्रिमितीत काम करणाऱ्यांनी सर्व मॉडेले सुरुवातीपासून एकाच परिमाणात बांधावीत आणि दृश्यागणिक उंदराचे माप बदलण्याची मुभा कोणालाही देऊ नये. एखाद्या चौकटीत थोडी फसवणूक करावीच लागली, तर ती वस्तूच्या मापात करावी, उंदराच्या नव्हे.

उंदीर जगात कशाचा काय उपयोग करतात, हा भाग सर्वांना आवडतो; म्हणूनच तिथे हात आखडता घ्यावा. ‘द रेस्क्यूअर्स’मध्ये ऑर्व्हिल हा अल्बट्रॉस पक्षी पाठीवर सार्डिन माशांचा रिकामा डबा बांधून प्रवासी नेतो. ही कल्पना लक्षात राहते, कारण तिला कथेत काम आहे आणि पक्ष्याचे धडपडत उड्डाण घेणे त्या डब्यामुळे अधिकच धोक्याचे वाटते. बुचाची खुर्ची, बटणाचे ताट, काडेपेटीचा पलंग असा संसार नुसता मांडून ठेवला, तर ती बाहुलीघराची सजावट होते.

शरीर आणि चेहरा

खऱ्या उंदराचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे समोरून पाहिले तर त्याच्या चेहऱ्यावर भाव वाचणे अवघड जाते. म्हणून ॲनिमेशनमध्ये डोळे पुढे आणतात. ही तडजोड करावीच लागते, परंतु ती केल्यावर उंदराची बाकीची लक्षणे सांभाळावीत. मोठे, पातळ, स्वतंत्रपणे वळणारे कान, सतत हलणारे नाक आणि मिशा, आखूड मान, पुढच्यापेक्षा लांब मागचे पाय, आणि शेपटी. पुढच्या पंजाला चार नीट वाढलेली बोटे असतात आणि अंगठ्याची जागा केवळ खुणेपुरती उरलेली असते. कार्टूनमध्ये चार बोटांचा हात काढण्याची जी रीत आहे, ती इथे शरीररचनेशी आपोआप जुळते, ही रेखाटकाच्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे.

अभिनयासाठी भुवयांपेक्षा कान आणि मिशा यांवर अधिक भिस्त ठेवावी. उंदराची नजर फारशी तीक्ष्ण नसते. तो वासाने आणि मिशांच्या स्पर्शाने जग चाचपतो, आणि अनोळखी जागी शिरताना मिशा पुढे करून झपझप हलवतो. त्यामुळे ‘तो घाबरला’ हे दाखवायला डोळे विस्फारण्याची गरज नाही. हलणाऱ्या मिशा एकदम थांबल्या आणि एक कान मागे वळला, की प्रेक्षकाला धोका कुठल्या दिशेला आहे तेही समजते. शेपटीचे काम तोल सांभाळण्याचे आहे. उभ्या पोझमध्ये पाठीचा कणा आणि शेपटी मिळून एकच वाहती रेषा व्हावी; शेपटी मागाहून चिकटवल्यासारखी दिसली तर ती पोझ मोडून पुन्हा काढावी.

कपडे शक्यतो एकच वस्त्र असावे आणि त्यामागे काही कथा असावी. ‘ॲन अमेरिकन टेल’मधल्या फीव्हेलला वडिलांकडून मिळालेली टोपी त्याला मोठी होते आणि वारंवार डोळ्यांवर घसरते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ती टोपी कुटुंबाशी असलेले नाते सांगते आणि तो अजून तिच्याएवढा झालेला नाही हेही न बोलता दाखवते. मिसेस ब्रिस्बीचा लाल झगा वेगळ्या कारणासाठी कामी येतो: करडा-तपकिरी जीव अंधाऱ्या जमिनीवर हरवून जातो, आणि तो लाल ठिपका प्रेक्षकाची नजर धरून ठेवतो. वस्त्र ठरवताना उंदराची आकृती पूर्ण काळी भरून पाहावी. कान, शेपटी आणि वस्त्र ही तीनही काळ्या आकृतीत वेगळी ओळखू आली, तर रचना पुढे न्यावी.

चाल

लहान प्राणी मोठ्या प्राण्याच्या लयीत हलत नाही. उंदराचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके टाकते. त्याच्या हालचालीत ही घाई उतरली नाही, तर पात्र कितीही चांगले काढलेले असले तरी ते उंदराच्या वेषातल्या माणसासारखे वाटते. खरा उंदीर सलग चालत नाही. तो झटक्यात धावतो, थबकतो, कानोसा घेतो, पुन्हा धावतो, आणि शक्यतो भिंतीच्या कडेने जातो. मोकळी जागा ओलांडणे त्याला जिवावर येते. ही शेवटची सवय पटकथाकाराने कायम लक्षात ठेवावी, कारण खोलीच्या मध्यभागी जाणे हे उंदरासाठी मुळातच धाडस असते. तिथे शत्रू उभा करण्याचीही गरज पडत नाही.

सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रे, धरून एका झेपेचे गणित पुढीलप्रमाणे बसवून पाहावे. धावण्यापूर्वी अंग आखडण्यास ३ फ्रेम, प्रत्यक्ष धावेला ६, थांबताना किंचित पुढे जाऊन मागे येण्यास ४, आणि त्यानंतर १४ ते १८ फ्रेमचा पूर्ण थांबा, ज्यात फक्त नाक आणि एखादा कान हलतो. धावेच्या सहा फ्रेम प्रत्येकी वेगळ्या रेखाटाव्यात. थांब्याचा भाग एका चित्रावर दोन फ्रेम या हिशेबाने केला तरी चालतो. एका मिनिटाला १४४० फ्रेम लागतात आणि दोन फ्रेमला एक चित्र धरले तरी ती ७२० चित्रे होतात, तेव्हा श्रम कुठे घालायचे हे आधीच ठरवलेले बरे. नवशिक्यांकडून थांबे आखूड ठेवले जातात आणि धाव लांबवली जाते. नेमके उलट करावे.

दोन पाय की चार, हा प्रश्न नेहमी येतो. बोलताना आणि वस्तू हाताळताना नायक दोन पायांवर उभा राहावा, आणि जिवावर बेतले की चारांवर पळावा, ही वाटणी मला सर्वांत पटते. त्यामुळे सभ्यतेचा पापुद्रा किती पातळ आहे हे केवळ चालीतून दिसते, आणि भित्र्या उंदराने धोक्यातही दोन पायांवर उभे राहणे हा कळसाचा क्षण म्हणून राखून ठेवता येतो.

धोका कोणता निवडावा

कड्यावरून लोंबकळणे हा साहसपटाचा ठेवणीतला प्रसंग आहे, आणि उंदराच्या बाबतीत तोच सर्वांत पोकळ आहे. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ सालच्या एका निबंधात लिहिले आहे, की उंदीर हजार यार्ड खोल खाणीत टाकला आणि खालची जमीन बऱ्यापैकी मऊ असली, तर त्याला थोडा धक्का बसेल आणि तो उठून चालू लागेल. शरीर लहान होत जाते तसे वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटते, पृष्ठभाग मात्र लांबीच्या वर्गाच्याच प्रमाणात घटतो, त्यामुळे हवेचा विरोध लहान जिवाला सांभाळून घेतो. (हेच हाल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले.) १९८६ च्या ‘द ग्रेट माउस डिटेक्टिव्ह’मध्ये लंडनच्या बिग बेनवरचा अखेरचा सामना प्रेक्षक श्वास रोखून पाहतो हे खरे, पण त्यातली खरी भीती पडण्याची नसून घड्याळाच्या फिरत्या दातेरी चक्रांची आहे, ज्यांत उंदीर सहज भरडला जाईल. त्या चक्रांची हालचाल संगणकावर तयार करून कागदावर उतरवली गेली आणि पात्रे हाताने रेखाटली गेली. यंत्राची न थांबणारी अचूक गती आणि त्यामधून वाट काढणारी हाताने काढलेली अडखळती पात्रे, हा विरोध त्या प्रसंगाच्या कामी आला आहे.

त्याच निबंधात पाण्याविषयी जे म्हटले आहे ते पटकथाकारासाठी सोन्यासारखे आहे: पाण्यातून बाहेर आलेल्या उंदराच्या अंगावर जवळजवळ त्याच्या वजनाइतकेच पाणी असते. म्हणजे पन्हाळीतून गळणारी धार, सांडलेली बादली किंवा अंगणातले डबके हे त्याच्यासाठी मोठे संकट ठरते, आणि बाहेर पडल्यावर तो आधीसारखा धावू शकत नाही. भिजलेला उंदीर रेखाटताना केस चिकटवून आकृती निम्मी करावी आणि झेपेच्या फ्रेम दुप्पट कराव्यात. थंडी, भूक, उशीर आणि कोणाच्या तरी नजरेस पडणे हेही खरे धोके आहेत. मांजर अर्थात आहेच, मात्र तिला पडद्यावर कमीत कमी दाखवावे. पंजा, शेपटीचे टोक, दाराआडचा श्वास इतके पुरते. मुख्य खलनायक बोलका हवा असेल, तर घूस हा पर्याय चांगला आहे, कारण ती उंदरासारखीच असून मोठी असते आणि नायकाला आपण न झालेले मोठेपण समोर दिसते.

कॅमेरा, प्रकाश आणि रंग

कॅमेरा जमिनीपासून पाच-सहा सेंटिमीटरवर ठेवणे हा पाया आहे. त्या उंचीवरून खुर्चीचे पाय खांबांसारखे उभे राहतात, माणसांचे चेहरे चौकटीबाहेर जातात आणि फरशीचा सांधाही चरासारखा दिसतो. मात्र सगळाच चित्रपट तिथून दाखवला, तर पाच मिनिटांत प्रेक्षकाचे डोळे त्या मापाला सरावतात आणि उंदीर पुन्हा माणसाएवढा वाटू लागतो. जवळच्या चौकटीचाही हाच दोष आहे: उंदराचा चेहरा पडदाभर आला की तो क्षणभर मोठाच असतो. म्हणून दोन-तीन जवळच्या चौकटींनंतर एक लांबची चौकट अशी द्यावी, जिच्यात उंदीर शोधावा लागेल आणि त्याच्या शेजारी माप सांगणारी एखादी ओळखीची वस्तू असेल.

प्रकाशाच्या बाबतीत उंदीर भाग्यवान आहे, कारण तो दिव्याखाली, कपाटामागे, गटारात आणि चांदण्यात असा सतत वेगवेगळ्या उजेडातून फिरतो. प्रत्येक उजेडासाठी त्याचे रंग वेगळे ठरवावे लागतात. मिसेस ब्रिस्बीसाठी ४६ प्रकारच्या प्रकाशस्थिती आणि तितक्याच रंगयाद्या तयार केल्या होत्या. १९९० च्या ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’पासून डिस्नेच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांचे रंगकाम संगणकावर होऊ लागले आणि हा व्याप हलका झाला. आज विद्यार्थ्याला तीन-चार रंगयाद्या पुरेशा आहेत: दिवस, दिव्याचा उजेड, रात्र आणि ओले अंग. कानाच्या पातळ पाळीतून पाठीमागचा उजेड किंचित लाल झिरपताना दाखवला, तर जिवंतपणा येतो.

एक प्रसंग बसवून पाहू

आता हे सर्व एका छोट्या प्रसंगात वापरून पाहावे. जुन्या वाड्याच्या माडीवर एक मुलगी कोंडली गेली आहे. खोलीची पितळी किल्ली स्वयंपाकघरातल्या मांडणीच्या मागे पडली आहे, आणि मांडणी व भिंत यांच्यातली फट दोन बोटांची आहे. कोणाचा हात तिथे पोहोचत नाही. उंदीर पोहोचतो. परंतु किल्ली ४० ग्रॅमची, म्हणजे त्याच्या वजनाच्या दुप्पट आहे. ती उचलणे शक्य नाही, ओढावी लागेल. आणि शहाबादी फरशीवर पितळ ओढले की खरखर होणार. उंबऱ्याशी मांजर झोपलेले आहे. किल्लीपासून बिळापर्यंत अंतर ९० सेंटिमीटर.

गॅसवर कुकर आहे. पहिली शिट्टी होते, मांजराचा कान हलतो आणि पुन्हा स्थिर होतो. या आवाजाची त्याला सवय आहे. उंदराला युक्ती सुचते ती इथे, आणि ती संवादातून सांगू नये: त्याचा कान कुकरकडे वळतो, नंतर नजर किल्लीकडे जाते, एवढे पुरे. यापुढे तो फक्त शिट्टीच्या आवाजात किल्ली ओढतो. एक शिट्टी तीन सेकंदांची धरली तर ७२ फ्रेम मिळतात. या ७२ फ्रेममध्ये किल्ली सरळ सरकत नेऊ नये. आधी ८ फ्रेम काहीच हलत नाही. मागचे पाय फरशीवर घसरतात, कणा वाकतो, शेपटी काठीसारखी ताठ होते. मग ३ फ्रेममध्ये किल्ली एकदम चार बोटे सरकते आणि उंदीर मागे आपटतो. पुन्हा पकड, पुन्हा जोर. वजन दिसते ते हालचालीपूर्वीच्या या अडलेल्या फ्रेममध्ये.

दुसरी, तिसरी आणि चौथी अशा तीन शिट्ट्यांमध्ये ६० सेंटिमीटर कापून होतात. त्यानंतर कोणीतरी येऊन गॅस बंद करते. प्रेक्षकाला माणसाची फक्त चप्पल आणि पदर दिसतो. उरलेले ३० सेंटिमीटर आता पूर्ण शांततेत ओलांडायचे आहेत. उत्तर पहिल्याच चौकटीत पेरून ठेवलेले असावे: नैवेद्याच्या केळीच्या पानाचा एक फाटका, ओलसर तुकडा फरशीवर पडलेला आहे. उंदीर तो आणून किल्लीखाली सरकवतो आणि पानासकट ती आवाज न करता ओढत नेतो. पान सुरुवातीला दाखवले नाही तर हा उपाय आकाशातून पडल्यासारखा वाटेल. फार ठळक दाखवले तर प्रेक्षक तो आधीच ओळखेल. पहिल्या चौकटीत ते उंदराच्या वाटेत आडवे यावे आणि त्याने ते ओलांडून जावे, इतपत दाखवणे बरोबर.

आवाज आणि तपासणी

ध्वनिमुद्रणात कलाकाराचा आवाज वेग वाढवून चिरका करण्याची खोड टाळावी. चिरक्या आवाजात विनोद होतो, दुःख आणि संकोच होत नाहीत. ‘द रेस्क्यूअर्स’मधल्या बर्नार्डला बॉब न्यूहार्ट या विनोदी नटाचा अडखळणारा, जपून शब्द टाकणारा आवाज मिळाला, तेरा या आकड्याला घाबरणारा तो सफाई कामगार प्रत्येक मोहिमेवर कुरकुरत निघतो आणि तरीही निघतो, हे त्या आवाजामुळेच पटते. मराठीत काम करताना पात्राला व्यवस्थित नाव द्यावे, कारण ‘उंदीरमामा’ म्हटले की श्रोता गंमत ऐकायच्या तयारीत बसतो. पावलांचा आवाज जवळजवळ ऐकू येणार नाही इतका हलका ठेवावा आणि भोवतालचे आवाज, म्हणजे दाराची कडी, नळ, चपला, मोठे व जड करावेत. लहानपणाची निम्मी जाणीव कानातून होते.

चित्रे पक्की करण्यापूर्वी स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची क्रमवार कच्ची रेखाटने, आवाजासह जोडून ॲनिमॅटिक तयार करावे आणि ते एकदा पूर्ण नि:शब्द करून सहा-सात वर्षांच्या मुलांना दाखवावे. कथा समजली का, असे विचारू नये. मुले ‘हो’ म्हणतात. उंदीर आत्ता कुठे चालला आहे आणि त्याला कशाची भीती वाटते आहे, एवढे दोनच प्रश्न मध्ये थांबवून विचारावेत. त्यानंतर मापाचा तक्ता हातात घेऊन ॲनिमॅटिक एकेक चौकट थांबवत पाहावे. जिथे नायक ठरलेल्या ८ सेंटिमीटरहून वाढलेला आढळेल, तिथे ती चौकट रेषाकाम आणि रंगकाम सुरू होण्यापूर्वीच परत रेखाटकाकडे पाठवावी. रंग चढल्यानंतर तीच दुरुस्ती कित्येक पटींनी महाग पडते आणि बहुधा राहूनच जाते.